गुडघ्यातलं ऋण

चाळिशी आली की आपल्याकडे चष्मा लागतो. जुने लोक तर चष्म्यालाच चाळिशी म्हणत. पण अमेरिकेत आलेल्या आमच्या पिढीची चाळिशी डोळ्यांच्या आधी गुडघ्यांत उतरते, असं माझं निरीक्षण आहे. गणपतीच्या मिरवणुकीत ढोल बांधून दोन-दोन तास नाचणारे, शनिवारी क्रिकेट लीगमध्ये पंचविशीतल्या पोरांबरोबर धावणारे आणि सोमवारी ऑफिसात जिना टाळून गुपचूप लिफ्टकडे वळणारे वीर आपल्या मंडळात डझनभर तरी असतील. यादीत पहिलं नाव माझंच घाला. पूर्वी पॉटलकला चार जण जमले की एच-वन आणि ग्रीन कार्डाच्या गप्पा व्हायच्या. आता एमआरआयच्या होतात.

या गुडघ्यानं गेलं वर्षभर मला एका प्रश्नात अडकवून ठेवलं आहे. प्रश्न डॉक्टरांच्या अखत्यारीतला वाटतो, पण त्याचं उत्तर डॉक्टरांकडे नाही. म्हणून तो तुमच्यापुढे मांडतो आहे.

आधी हकिगत थोडक्यात. एमएस करत असताना क्रिकेट खेळताना माझ्या उजव्या गुडघ्यातली आतल्या बाजूची गादी फाटली. ती शिवण्यासारखी नव्हती, त्यामुळे दुर्बिणीतून बरीचशी काढून टाकली. पुढची पंधरा वर्षं मजेत गेली. मग दुखायला लागलं. आज मी चव्वेचाळीस वर्षांचा आहे. सांधा बदलण्याइतका खराब नाही आणि गोळ्या खाऊन भागेल इतका बराही नाही. आमच्या सर्जनबाईंनी एकाच वेळी दोन कामं सुचवली आहेत. एक, पाय थोडा बाहेरच्या बाजूला धनुष्यासारखा वाकला आहे, तो नडगीचं हाड कापून सरळ करायचा. दोन, गेलेल्या गादीच्या जागी नवी गादी बसवायची. ही गादी कारखान्यातली नसेल. ती एका मेलेल्या माणसाच्या गुडघ्यातली असेल.

इथे मी थांबलो. मूत्रपिंड निकामी झालेला माणूस दुसऱ्याचं मूत्रपिंड घेतो, तेव्हा तो जगण्यासाठी घेतो. त्याला कोणी का म्हणून विचारणार नाही. पण मला तर फक्त जिना चढायचा आहे, मुलीबरोबर डोंगर चढायचे आहेत आणि जमलं तर बॅडमिंटन खेळायचं आहे. एवढ्यासाठी मृताच्या देहातलं काही घ्यावं का? आणि घेतलं, तर त्या बदल्यात माझ्याकडून काय देणं लागतं?

उत्तर शोधण्याआधी ही गादी म्हणजे काय ते पाहू. प्रत्येक गुडघ्यात मांडीचं हाड आणि नडगी यांच्यामध्ये चंद्रकोरीच्या आकाराच्या दोन चिवट, लवचीक गाद्या असतात, एक आत आणि एक बाहेर. डॉक्टर त्यांना मेनिस्कस म्हणतात. पाय सरळ असताना गुडघ्यावरचा साधारण निम्मा भार या गाद्या पेलतात. गुडघा काटकोनात वाकवला की हे प्रमाण ८० टक्क्यांच्या वर जातं. म्हणजे मांडी घालून जेवणाऱ्या, उकिडवं बसून रांगोळी काढणाऱ्या आणि सूर्यनमस्कार घालणाऱ्या आपल्या पूर्वजांनी या गाद्यांकडून केवढं काम करून घेतलं असेल, विचार करा. गादीच्या फक्त बाहेरच्या कडेला रक्तपुरवठा असतो. आतल्या भागाला तो नाही, म्हणून तिथे फाटलं की सहसा आपलं आपण भरून येत नाही.

गंमत म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी काही शरीरशास्त्रज्ञ या गाद्यांना पायाच्या स्नायूंचे निरुपयोगी अवशेष समजत. फाटली की अख्खी काढून टाकायची, हा रिवाज त्यानंतरही अनेक दशकं चालू होता. १९४८ साली फेअरबँक नावाच्या ब्रिटिश सर्जननं गादी काढलेल्या रुग्णांचे एक्स-रे नीट पाहिले आणि हाडांमधली जागा कमी होते आहे, हाडाला कंगोरे फुटताहेत, असं दाखवून दिलं. तरीही सर्रास गादी काढण्याचा रिवाज मागे पडायला १९७०चं दशक उजाडावं लागलं. ज्याचं काम दिसत नाही ते बिनकामाचं, हा समज फक्त शरीरशास्त्रात असतो असं नाही. घरात आणि ऑफिसातही अशा गाद्या असतात. त्या निघून गेल्यावर हाडावर हाड घासायला लागतं, तेव्हा त्यांची आठवण येते.

गेलेली गादी परत बसवण्याचे प्रयत्न त्यानंतरचे. मृत दात्याची पूर्ण गादी बसवण्याची पहिली शस्त्रक्रिया १९८४ साली जर्मनीत झाली. गादीचा काही भागच गेला असेल आणि कड शाबूत असेल, तर दुसरेही उपाय निघाले. एक म्हणजे पॉलियुरेथेनची सच्छिद्र गादी आणि दुसरी कोलॅजनची. ही कोलॅजनची गादी गाईबैलांच्या टाचेजवळच्या शिरेपासून बनवतात. हे ऐकून आमच्या घरात फोनवर जी शांतता पसरली, ती तुम्हाला कळेल. त्या गादीची अमेरिकेतली कथाही वळणावळणाची आहे. २००८च्या डिसेंबरमध्ये एफडीएनं तिला परवानगी दिली. तो निर्णय घेताना बाहेरचा राजकीय दबाव आला होता, हे २००९ साली एफडीएनंच आपल्या अहवालात मान्य केलं. २०१० साली ही परवानगी द्यायला नको होती असं जाहीर केलं आणि पुढे २०१४ साली कोर्टानं परवानगी काढून घेण्याची पद्धतच चुकीची ठरवली. एवढ्याशा गादीमागे केवढं रामायण! माझ्या बाबतीत मात्र उरलेला भाग इतका थोडा आहे की असा तुकडा शिवायला कडच नाही. दात्याची पूर्ण गादी एवढा एकच पर्याय आहे.

ती मिळते ऊतिपेढीतून, म्हणजे टिश्यू बँकेतून. मूत्रपिंड किंवा यकृत सहसा मेंदूमृत माणसाकडून, हृदय चालू असताना काढावं लागतं. गादी, हाड, त्वचा, नेत्रपटल यांचं तसं नसतं. हृदय थांबल्यावरही काही तासांत ती घेता येतात. गादी तपासून, गोठवून ठेवतात. घेणाऱ्याला शरीरानं ती नाकारू नये म्हणून आयुष्यभर औषधं घ्यावी लागत नाहीत. जुळावं लागतं ते माप, अगदी मिलिमीटरच्या हिशेबानं. त्यामुळे आपल्या मापाचा दाता मिळेपर्यंत थांबावं लागतं. हे वाक्य सर्जनबाई सहज बोलून गेल्या. घरी आल्यावर त्याचा अर्थ माझ्या डोक्यात शिरला. गादी चांगली असायला दाता बहुधा तरुण असावा लागतो. म्हणजे मी ज्याची वाट पाहणार आहे, ती कुणा तरुण घरातली दुर्दैवाची वेळ आहे. ती माझ्यामुळे येणार नाही, मी नसतो तरी येणारच होती, हे बुद्धीला पटतं. तरी वाट पाहणं सोपं होत नाही.

आता प्रश्नाचा पहिला भाग. सुखासाठी घ्यावं का? एक उत्तर आपल्या संस्कारांतून लगेच येतं. देह हे वस्त्र आहे, जुनं झालं की टाकायचं, त्याचे एवढे लाड कशाला? पण वस्त्राचीच उपमा घ्यायची तर आपल्या घरांत जुन्या वस्त्राचं काय होत होतं ते आठवा. आजी गेली की तिची लुगडी कुणी फेकून देत नसे. त्यांची गोधडी शिवली जाई आणि नातवंडं ती पांघरून झोपत. ती गोधडी कुणाचा जीव वाचवत नव्हती, थंडीत ऊब देत होती. मृताचं वस्त्र अंगावर घेतलं म्हणून कुणाला अपराधी वाटलं नाही. उलट, आजी जवळ आहे असंच वाटायचं. जीव वाचवणं हेच दानाचं एकमेव सार्थक असेल, तर अंधाला नेत्रपटल देणंही त्यात बसणार नाही, कारण न दिसतासुद्धा माणूस जगतोच. चालणं, बघणं, मुलांमागे धावणं ही चैन आहे असं म्हणणाऱ्यानं एक महिना कुबड्या घेऊन पाहावं.

दुसरा आक्षेप जास्त टोचणारा आहे. माझ्याकडे विमा आहे, मोठं हॉस्पिटल वीस मिनिटांवर आहे. गावाकडे माझी मावशी तिच्या वाकलेल्या गुडघ्यांनी रोज ओट्याशी उभी राहते आणि तिला असा पर्याय कुणी कधी सांगितलेला नाही. हा अन्याय खरा आहे. पण मी गादी नाकारल्यानं ती मावशीला मिळणार नाही, ती फ्रीझरमध्येच राहील. अन्याय दूर करायचा असेल तर दाते वाढायला हवेत आणि पेढ्या वाढायला हव्यात, इथे आणि तिथेही. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात १९८८ पासून ऊतिपेढी आहे. भारताच्या १९९४च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यात २०११च्या दुरुस्तीनं ऊतींचाही समावेश झाला. सोय मुळीच नाही असं नाही. देणारे हात कमी आहेत.

मग दुसरा भाग, ऋणाचा. आईला फोनवर सगळं सांगितलं. तिनं "शिवाशिव" वगैरे काही काढलं नाही. तिनं विचारलं, "कोणाचं आहे ते कळणार का रे?" मी म्हटलं, नाही. पेढीमार्फत निनावी आभाराचं पत्र त्या घरी पाठवता येतं, तेवढंच. तर म्हणाली, "मग फेडणार कोणाला?"

याचं उत्तर मला आपल्याच परंपरेत मिळालं. देवऋण, ऋषिऋण, पितृऋण ही तीन ऋणं आपण ऐकलेली असतात. शतपथ ब्राह्मणात चौथंही सांगितलं आहे, ते माणसांचं. ही ऋणं फेडायची रीत पाहा. ऋषींचं ऋण ऋषींना परत देत नाहीत, ते आपण अभ्यास करून पुढे शिकवून फेडतो. पितरांचं ऋण पुढची पिढी नीट वाढवून फिटतं. ज्यानं दिलं त्यालाच परत करायचं हा सावकारीतला हिशेब झाला. मोठी ऋणं पुढच्या माणसाला द्यायची असतात. आणि अनोळखी मृताला आपल्या धर्माचारात जागा नाही असंही नाही. सर्वपित्रीला ज्यांची तिथी ठाऊक नाही त्यांचीही आठवण करतात, आणि तर्पणात ज्यांचं कुणी नाही त्यांनाही पाणी देतात. नाव माहीत नसलं म्हणून नातं नाही, असं आपले लोक मानत नव्हते.

पण खरी गोष्ट मला तिसऱ्याच ठिकाणी कळली, आणि ती मला सर्जनबाईंच्या पहिल्या कामानं शिकवली. मी विचारलं होतं की फक्त गादी बसवली तर? हाड कशाला कापायचं, ते तर धडधाकट आहे! त्यांनी माझा कमरेपासून घोट्यापर्यंतचा उभा एक्स-रे काढला आणि खुब्याच्या मध्यापासून घोट्याच्या मध्यापर्यंत एक सरळ रेषा ओढली. ही भाराची रेषा. सरळ पायात ती गुडघ्याच्या मध्याजवळून जाते. तेव्हासुद्धा आतल्या बाजूवर साधारण ६० ते ७० टक्के भार असतो. माझी रेषा गुडघ्याच्या पार आतल्या कडेनं जात होती. म्हणजे प्रत्येक पावलागणिक सगळं वजन त्याच कोपऱ्यावर, जिथे गादी उरलेली नाही. तिथे नवी गादी ठेवली तर तीही चिरडली जाणार. अलाइनमेंट बिघडलेल्या गाडीला नवा टायर घातला तर काय होतं हे इथे आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून वाकडेपणा तसाच ठेवून गादी बसवू नये, असा आज सर्जन मंडळींचा दंडक आहे. आधी किंवा सोबत पाय सरळ करायचा.

तो करायची पद्धत एखाद्या सुतारानं शोधावी अशी आहे. गुडघ्याच्या थोडं खाली नडगीचं हाड आतल्या बाजूनं कापत न्यायचं, पण पलीकडची कड अखंड ठेवायची. ती कड बिजागरीसारखी वापरून फट हळूहळू उघडायची, म्हणजे पाय पाचर मारल्यासारखा सरळ होतो. मग धातूची पट्टी आणि स्क्रूंनी तो तसाच धरून ठेवायचा. काही आठवडे कुबड्या, हाड भरून यायला काही महिने. झिजलेल्या गुडघ्यासाठी नडगी कापून पाय सरळ करायची ही कल्पना नवी नाही. जॅक्सननं १९५८ साली इंग्लंडमध्ये ती मांडली आणि मेयो क्लिनिकच्या कॉव्हेंट्रीनं १९६०च्या दशकात अमेरिकेत रुजवली. ऑर्थोपेडिक या शब्दातला ऑर्थो म्हणजेच सरळ. १७४१ साली निकोला आंद्री या फ्रेंच वैद्यानं तो शब्द बनवला आणि त्याच्या पुस्तकातलं वाकड्या रोपट्याला खुंटाशी बांधल्याचं चित्र आजही त्या शास्त्राची खूण आहे.

एवढं ऐकल्यावर मला आपला जुना शब्द आठवला, पात्र. दान देताना देश, काळ आणि पात्र पाहावं असं आपल्याकडे सांगतात. आपण ते नेहमी देणाऱ्याच्या बाजूनं वाचतो, समोरचा लायक आहे का ते पाहा म्हणून. ते घेणाऱ्याच्या बाजूनंही वाचता येतं. घेणाऱ्यानं आधी स्वतःला पात्र करायचं असतं. भोक पडलेल्या भांड्यात दूध मागणं हा दूध देणाऱ्याचा अपमान आहे. वाकड्या पायात एका तरुणाची गादी ठेवून ती दोन-तीन वर्षांत चिरडून टाकणं तसंच. गादीचं दुखणं मला होतं, पण कापायचं आहे ते न दुखणारं हाड, हे त्या दानाचं मोल आहे. पाय वाकडा असणं हा दोष नव्हे, अष्टावक्राला हसणाऱ्या सभेनं तो धडा एकदा घेतला आहे. पण दान घ्यायचं ठरल्यावर, सरळ करता येत असूनही पाय वाकडा ठेवणं हे मात्र बरोबर नाही.

हे गुडघ्यापुरतंच आहे का? मला सारखं आपल्या घरांचं चित्र दिसत राहतं. आईवडील तिकडे, आपण इकडे, आणि त्यांच्याजवळ एक भाऊ, बहीण किंवा वहिनी. दुखायला लागलं की आपण इथून गादी पाठवतो. पैसे, दिवसरात्रीची बाई, नवं वॉशिंग मशीन. त्या गाद्या लागतातच, त्यांना कमी लेखायचं कारण नाही. पण भाराची रेषा वर्षानुवर्षं त्या एकाच माणसावरून जात राहिली, तर पाठवलेली प्रत्येक गादी झिजते आणि मग आपल्याला नवल वाटतं की एवढं करूनही घरात करकर का. रेषा सरकवायची तर न दुखणारं हाड कापावं लागतं. आपलं. वर्षातले दोन महिने तिकडे जाऊन राहणं, दवाखान्याच्या फेऱ्या आपल्या अंगावर घेणं, आईला सहा महिने इकडे आणणं, एखादी बढती सोडणं. ज्याला त्याला आपली पाचर किती मिलिमीटरची ते मोजावं लागेल. भार नाहीसा होत नाही, तो वाटला जातो. ऑपरेशनमध्येही बाहेरच्या निरोगी बाजूला आता थोडं जास्त उचलावं लागणार आहे. जी बाजू पेलू शकते तिच्याकडे भार जावा, यातच सगळी नीती आली असं मला वाटतं.

या ऑपरेशनला हमी नाही, हेही सांगायला हवं. बसवलेली गादी वेदना कमी करते आणि बहुतेकांना बरीच वर्षं साथ देते. पण ती जन्मभर टिकेलच असं नाही आणि पुढची झीज ती पूर्ण थांबवते असं सिद्ध झालेलं नाही. पुढे कधी तरी सांधा बदलावा लागूही शकतो. तरी मी होकार दिला आहे. माप पाठवलं आहे. आईच्या प्रश्नालाही उत्तर दिलं आहे. फेडणार कोणाला, तर पुढच्याला. ड्रायव्हिंग लायसन्सच्या वेळी अवयवदानाबद्दल विचारतात तिथे मी आणि पत्नीनं हो म्हटलं आहे. ते ऐकून आई थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मग माझंही लिहून टाक. दधिचीनं हाडं दिली तेव्हा त्याच्या आईला कुणी विचारलं नसेल, मला निदान विचारलंत."

मंडळी, आपल्यातले कितीतरी जण घ्यायला कचरत नाहीत, द्यायच्या खुणेपाशी मात्र पेन थांबतं. अशुभ वाटतं, देह अखंड जावा असं वाटतं, घरात हा विषय काढायला जीभ वळत नाही. ते मी समजू शकतो. पण एक करता येईल. नुसती खूण करून थांबू नका, जेवणाच्या टेबलाशी एकदा मुलांसमोर बोला. तुम्ही नसताना पेढीवाले विचारायला येतील तेव्हा त्यांना उत्तर द्यायला तीच मुलं असतील, आणि त्या रात्री त्यांना तुमचं मत आधीच माहीत असेल तर त्यांचा भार तेवढा हलका होईल.